कोडचे तुकडे टर्मिनलवरूनच साठवणे आणि हवे तेव्हा शोधून काढणे : नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

नाशिकमध्ये प्रोग्रॅमिंगची पहिली नोकरी धरणाऱ्याच्या वाट्याला पहिल्या वर्षात मोठे सॉफ्टवेअर क्वचितच येते. येतात त्या फाइली. अंबड किंवा सातपूरच्या कारखान्यातील मशीनचे लॉग, दिंडोरी-निफाडकडील द्राक्षांच्या पॅकहाउसच्या याद्या, लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंत येथील कांदा लिलावांचे भाव, आणि या सर्वांवर करायची तीच ती कामे: तारखा उलट्या करणे, रिकाम्या ओळी काढणे, एखाद्या स्तंभाची सरासरी काढणे, श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या फाँटमधील मजकूर युनिकोडमध्ये आणणे. यातील प्रत्येक कामाला दोन-चार ओळींचा कोड पुरतो, मात्र मागच्या वेळी लिहिलेल्या त्या ओळी कुठे ठेवल्या हे आठवत नसल्यामुळे त्या पुन्हा नव्याने जुळवण्यात वेळ जातो.

अशा पुन्हा पुन्हा लागणाऱ्या ओळींना आपण स्निपेट म्हणतो. ते टर्मिनल (कमांड टंकण्याची खिडकी) न सोडता कसे साठवावेत, त्यांना नावे कशी द्यावीत आणि पुढे ते कसे शोधावेत, एवढाच या लेखाचा विषय आहे. कार्यालयात नव्याने येणाऱ्या सहकाऱ्यांना मी हीच पद्धत शिकवत आलो आहे, आणि त्यातून माझे मत असे झाले आहे की साठवणे हे काम सोपे आहे, अडते ते शोधताना. म्हणून खालील टप्प्यांत शोधण्याच्या तयारीला अधिक जागा दिली आहे.

वाचण्यापूर्वी एक सूचना: कमांडची नावे आपण बोलताना उच्चारतो तशी देवनागरीत दिली आहेत. टंकताना ती लहान रोमन अक्षरांत टंकावीत.

सुरुवातीला काय हवे

- लिनक्स किंवा मॅक. विंडोजचा लॅपटॉप असेल तर त्यावर डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याची सोय) बसवून घ्यावे. त्यासोबत सहसा उबुंटू येते.
- बॅश किंवा झेडशेल. ही शेल, म्हणजे टर्मिनलमध्ये टंकलेल्या कमांड चालवणारे प्रोग्रॅम, आहेत. उबुंटूवर बॅश असते, तर मॅकवर २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून नव्या खात्यांना झेडशेल मिळते. आपले शेल कोणते आहे हे आधी पाहून घ्यावे, कारण बदल करायची फाइल त्यावर ठरते: एकाची डॉट-बॅशआरसी, दुसऱ्याची डॉट-झेडशआरसी.
- कोणताही साधा संपादक. नॅनो पुरेसा आहे.
- गिट, म्हणजे फाइलींतील बदलांचा इतिहास ठेवणारे साधन.
- रिपग्रेप आणि एफझेडएफ ही शोधाची दोन साधने. उबुंटूवर ॲप्ट आणि मॅकवर होमब्रू या प्रोग्रॅम बसवण्याच्या साधनांनी दोन्ही मिळतात.
- बॅट, हवे असल्यास. फाइल रंगीत दाखवण्यापुरतेच त्याचे काम आहे. उबुंटूवर ते बसवल्यावर कमांडचे नाव बॅटकॅट असे होते, त्यामुळे ते बसलेच नाही असा समज करून घेऊ नये.
- मराठी कळफलक, इन्स्क्रिप्ट किंवा उच्चारानुसारी, जो हाताला बसला असेल तो.

१. कमांडच्या इतिहासावर विसंबू नये

कंट्रोल आणि आर दाबले की मागच्या कमांड शोधता येतात, हे कळल्यावर अनेकांना वेगळ्या साठवणुकीची गरज वाटेनाशी होते. मात्र इतिहासाला मर्यादा आहेत. बॅश स्वतःहून फक्त ५०० ओळी लक्षात ठेवते. उबुंटूची तयार डॉट-बॅशआरसी ही मर्यादा स्मृतीत १,००० आणि फाइलीत २,००० ओळींपर्यंत वाढवते. रोज टर्मिनलवर काम करणाऱ्याच्या बाबतीत एवढ्या ओळी फार काळ पुरत नाहीत. शिवाय इतिहासात एकच कमांड चार चुकीच्या रूपांत आणि एका बरोबर रूपात शेजारी शेजारी पडलेली असते, आणि त्यातील बरोबर कोणती हे काही दिवसांनी सांगता येत नाही. उबुंटूवर ओळीच्या आरंभी मोकळी जागा सुटली तर ती ओळ इतिहासात जातच नाही, हेही ध्यानात ठेवावे.

इतिहास हा कच्चा माल समजावा. काम झाल्यावर त्यातील बरोबर ठरलेली ओळ उचलून आपल्या संग्रहात टाकावी.

२. काय साठवावे आणि काय साठवू नये

ज्या ओळीसाठी दुसऱ्यांदा डोके खाजवावे लागले ती साठवावी. फाइंड, सेड (मजकूर बदलणारी), ऑक (स्तंभांवर काम करणारी), टार, आरसिंक आणि एफएफएमपेग या कमांडच्या लांबलचक पर्यायांच्या ओळी जवळजवळ नेहमीच या कसोटीला उतरतात. आपल्या कामातील खास अडचणींवरचे उपाय तर अवश्य ठेवावेत. उदाहरणार्थ, मराठी मजकूर असलेली सीएसव्ही (स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे केलेली) फाइल एक्सेलमध्ये थेट उघडली की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे दिसतात, म्हणून फाइलीच्या आरंभी बॉम नावाचे तीन बाइट घालावे लागतात; उलट तीच फाइल पायथॉनने किंवा ऑकने वाचताना ते तीन बाइट पहिल्या स्तंभाच्या नावाला चिकटतात आणि दिसायला बरोबर असलेले नाव जुळत नाही. बॉम घालण्याचा एक आणि काढण्याचा एक, असे दोन छोटे स्निपेट मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाजवळ असावेत.

मदत-पानावर पहिल्याच ओळीत मिळणारी गोष्ट साठवू नये. सामान्य कमांडची थोडक्यात उदाहरणे हवी असतील तर २०१३ पासून चालू असलेला टीएलडीआर प्रकल्प त्यासाठी आहे. तसेच शंभर ओळींचा प्रोग्रॅम हा स्निपेट नसतो. त्याला स्वतंत्र रेपो (गिटने सांभाळलेले फोल्डर) द्यावी.

३. एकच फोल्डर, आणि एका कामाला एक फाइल

आपल्या होम फोल्डरमध्ये संग्रहासाठी एक फोल्डर करावे, त्यात एकदा गिट इनिट चालवावे आणि त्याच्या आत आणखी फोल्डर करण्याचा मोह टाळावा. भाषेप्रमाणे वर्ग करावेत की कामाप्रमाणे, यावर नवशिके बराच खल करतात. पायथॉनचे वेगळे आणि शेलचे वेगळे अशी विभागणी केली की तारखांचा स्निपेट नेमका कोणत्या भाषेत लिहिला होता हे आधी आठवावे लागते. कामाप्रमाणे विभागणी केली तर कांद्याच्या भावांच्या तारखा 'तारीख' या फोल्डरात गेल्या की 'बाजार समिती' या, असा प्रश्न उभा राहतो. सपाट फोल्डरात हे दोन्ही प्रश्न उद्भवत नाहीत. भाषा फाइलीच्या शेवटच्या विस्तारावरून कळते, आणि काम नावावरून.

नाव कामापासून सुरू करावे: 'तारीख-उलटी', 'सीएसव्ही-बॉम-काढा', 'स्तंभ-सरासरी'. शब्दांमध्ये आडवी रेघ द्यावी. मोकळी जागा सोडल्यास पुढे प्रत्येक कमांडमध्ये अवतरणचिन्हांची कसरत करावी लागते. नावे मराठी असली तरी लिहावीत रोमन लिपीतच, असा माझा आग्रह आहे. मराठीवरील प्रेम कमी आहे म्हणून हा आग्रह नाही. अनेक टर्मिनलांत जोडाक्षरे आणि वेलांट्या नीट बसत नाहीत, टॅब दाबून नाव पूर्ण करण्यासाठी कळफलक बदलावा लागतो, आणि गिट आपल्या मूळ सेटिंगमध्ये देवनागरी नावे उलट्या तिरक्या रेघांसह अंकांच्या माळेत दाखवते. ही शेवटची अडचण गिटची 'कोअर कोटपाथ' ही सेटिंग बंद करून दूर होते, पहिल्या दोन मात्र राहतातच.

४. फाइलीच्या माथ्यावर मराठीत टिपण लिहावे

सर्व टप्प्यांत हा टप्पा महत्त्वाचा आहे, आणि घाईत नेमका हाच गाळला जातो. प्रत्येक फाइलीच्या आरंभी टिप्पणीच्या स्वरूपात पुढील सहा ओळी असाव्यात. हा नमुना वेगळ्या फाइलीत ठेवावा, म्हणजे दर वेळी तो टंकावा लागणार नाही.

# काम : दिवस/महिना/वर्ष अशी तारीख वर्ष-महिना-दिवस अशी करणे
# शोधशब्द : तारीख, तारखा, डेट, क्रम, सॉर्ट, कांदा, भाव, सीएसव्ही
# वापर : पहिले मूल्य मूळ फाइल, दुसरे मूल्य तारखेच्या स्तंभाचा क्रमांक
# चालते : उबुंटू, मॅक
# धोका : अवतरणात स्वल्पविराम असलेल्या फाइलीवर चालत नाही
# मूळ : स्वतः लिहिले

पायथॉन आणि शेलमध्ये टिप्पणीची ओळ हॅशने सुरू होते, एसक्यूएलमध्ये दोन आडव्या रेघांनी आणि जावास्क्रिप्टमध्ये दोन तिरक्या रेघांनी. नमुना त्याप्रमाणे बदलून घ्यावा.

'काम' या ओळीत कोड काय करतो यापेक्षा तो आपल्याला कशासाठी लागला हे लिहावे. 'ऑकने पहिला स्तंभ तोडून जोडणे' या वर्णनाने सहा महिन्यांनंतर कोणालाही काही सापडत नाही, कारण त्या वेळी डोक्यात ऑक नसते, तारखा नीट क्रमाने लागत नाहीत ही तक्रार असते. 'शोधशब्द' या ओळीत ती तक्रार ज्या ज्या शब्दांत मनात येऊ शकेल ते सर्व शब्द द्यावेत: मराठी शब्द, देवनागरीत लिहिलेला इंग्रजी शब्द, आणि रोमन लिपीतील एखादा. ज्या ग्राहकाच्या कामात ही गरज पडली त्याचा धंदा ओळखू येईल असा शब्दही घालावा. माणसाला कोडपेक्षा प्रसंग लवकर आठवतो, म्हणून 'द्राक्ष', 'पॅकहाउस', 'आवक' यांसारखे शब्द अनेकदा तांत्रिक शब्दांपेक्षा उपयोगी पडतात.

'धोका' ही ओळ रिकामी ठेवू नये. वरच्या नमुन्यातील धोका काल्पनिक नाही. बाजारभावाच्या फाइलीत सर्वसाधारण दर '२,१५०' असा स्वल्पविरामासह आणि अवतरणात आला की साध्या ऑकला तेथे दोन स्तंभ दिसतात, पुढचे सगळे स्तंभ एकेक घर सरकतात, आणि सरासरी चुकते पण कोणतीही त्रुटी दाखवली जात नाही. अशा फाइलींसाठी पायथॉनचे सीएसव्ही मॉड्यूल वापरणारा वेगळा स्निपेट असावा आणि त्याचे नाव येथे लिहून ठेवावे.

'चालते' ही ओळही अनुभवातून आलेली आहे. सेडने फाइल जागच्या जागी बदलण्याचा पर्याय उबुंटूवर नुसता चालतो, तर मॅकवर त्यापुढे जुन्या प्रतीचा विस्तार द्यावा लागतो, निदान रिकामे अवतरण तरी. डेट या कमांडला तारीख वाचायला लावण्याची रीतही दोन्हीकडे वेगळी आहे. कार्यालयात उबुंटू आणि घरी मॅक, किंवा उलट, असे ज्यांचे आहे त्यांना ही ओळ वाचवते.

मराठीत शोधशब्द लिहिताना एक तांत्रिक खाच आहे, ती नीट समजून घ्यावी. 'शेतकऱ्यांची' या शब्दातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो: काही कळफलक त्यासाठी नुक्ता असलेले ऱ हे अक्षर आणि त्यापुढे हलन्त देतात, तर काही साधा र, हलन्त आणि न दिसणारे एक जोडचिन्ह देतात. पडद्यावर दोन्ही शब्द तंतोतंत सारखे दिसतात, संगणकाच्या लेखी मात्र ते वेगळे असतात, आणि एक शोधल्यास दुसरा सापडत नाही. 'ॲप' या शब्दातील पहिल्या अक्षराचीही हीच गत आहे. त्यातच ऱ्हस्व-दीर्घाची आपली नेहमीची डळमळ असते. यावर सोपा उपाय म्हणजे शोधशब्द मूळ रूपात लिहिणे: 'शेतकऱ्यांची' ऐवजी 'शेतकरी', 'पावत्यांच्या' ऐवजी 'पावती'. अंकांबाबतही हीच सावधगिरी हवी, कारण देवनागरी आणि रोमन अंक शोधाच्या दृष्टीने वेगळी चिन्हे आहेत.

५. साठवण्यासाठी स्वतःची छोटी कमांड करावी

साठवण्याला तीनपेक्षा अधिक कळा लागत असतील तर आपण साठवणार नाही. म्हणून आपल्या शेलच्या सेटिंग फाइलीत दोन-तीन अक्षरी नावाचे एक फंक्शन लिहावे. ते अनुक्रमे पुढील गोष्टी करील:

- नाव दिले आहे का ते पाहील; नसेल तर सूचना देऊन थांबेल.
- त्या नावाची फाइल आधीच असेल तर ती पुसून न टाकता तीच उघडील.
- नसेल तर टिपणाच्या नमुन्याची प्रत त्या नावाने करील.
- फाइल संपादकात उघडील.
- संपादक बंद झाल्यावर गिट ॲड आणि गिट कमिट करील, म्हणजे बदल गिटमध्ये नोंदवील. गिटला मोठ्या सी चा पर्याय देऊन संग्रहाच्या फोल्डरचा पत्ता दिला की आपण ज्या फोल्डरात काम करत होतो तेथून हलावे लागत नाही.

एवढे फंक्शन दहा-बारा ओळींत होते. ज्यांना संपादक म्हणून व्हीएस कोड हवा असेल त्यांनी त्याला 'वेट' हा पर्याय द्यायला विसरू नये. तो नसला तर संपादक उघडताच ताबा टर्मिनलकडे परत येतो आणि आपण एक अक्षर लिहिण्यापूर्वीच रिकाम्या नमुन्याची कमिट होऊन जाते.

नुकतीच यशस्वी झालेली ओळ थेट उचलण्यासाठी एफसी ही शेलची अंगभूत कमांड वापरता येते. ती इतिहासातील शेवटची ओळ क्रमांकाशिवाय देते, आणि ती आपल्या फंक्शनने नव्या फाइलीत टाकावी. क्लिपबोर्डवरचा मजकूर घ्यायचा असेल तर मॅकवर पीबीपेस्ट, लिनक्सवर एक्सक्लिप आणि वेलँड ही नवी पडदा-व्यवस्था असलेल्या लिनक्सवर डब्ल्यूएल-पेस्ट उपयोगी पडते. डब्ल्यूएसएलमध्ये पॉवरशेलकडून क्लिपबोर्ड मागवता येतो, पण त्या मजकुराच्या प्रत्येक ओळीअखेर विंडोजचे जादा चिन्ह येते, ते काढूनच साठवावे. ते राहिले तर फाइल चालवताना दुभाषा (इंटरप्रिटर) सापडत नाही अशा अर्थाची त्रुटी येते आणि नवशिका तास-तासभर भलतीकडेच शोधत बसतो.

टर्मिनलवरच अनेक ओळी टंकून कॅटने फाइलीत ओतण्याची रीत काहींना आवडते. त्या वेळी समाप्तीचा शब्द एकेरी अवतरणात द्यावा. अवतरण नसेल तर मजकुरातील डॉलर चिन्हाची चले (व्हेरिएबल) साठवतानाच उलगडतात, आणि फाइलीत चलाच्या नावाऐवजी त्या क्षणीची किंमत, बहुधा रिकामी, जाऊन बसते.

येथे व्हॉट्सॲपविषयी लिहिणे भाग आहे, कारण स्वतःलाच संदेश पाठवून कोड जपण्याची सवय आपल्याकडे सर्रास आहे. व्हॉट्सॲपमध्ये तारका, अधोरेषा आणि लहरी चिन्हे अक्षरे ठळक, तिरकी किंवा खोडलेली करण्यासाठी वापरली जातात, त्यामुळे कोडमधील तीच चिन्हे दिसेनाशी होऊ शकतात. फोनचा कळफलक आणि वर्डसारखे प्रोग्रॅम सरळ अवतरणांची वळणदार अवतरणे करतात आणि दोन आडव्या रेघांची एक लांब रेघ करतात. शेलला ही दोन्ही चिन्हे कळत नाहीत. तिकडून आणलेला कोड चालला नाही तर सर्वप्रथम अवतरणे आणि रेघा पुन्हा टंकाव्यात.

६. शोधण्याची दुसरी कमांड

शोधाचे दोन प्रकार असतात. शब्द नेमका माहीत असेल तर रिपग्रेपला तो शब्द आणि संग्रहाचा पत्ता द्यावा. हजारो फाइलींतूनही उत्तर लगेच येते. शब्द अर्धवट आठवत असेल तर एफझेडएफ. त्याला संग्रहातील सर्व फाइलींच्या 'काम' आणि 'शोधशब्द' या ओळी नावासह पुरवाव्यात, आणि पूर्वदृश्याच्या पर्यायात कॅट किंवा बॅट द्यावे. मग एका बाजूला यादी, दुसऱ्या बाजूला निवडलेल्या फाइलीचा पूर्ण मजकूर, आणि आपण अक्षरे टंकत जाऊ तशी यादी आटोपशीर होत जाते. केवळ फाइलींची नावे पुरवली तर चौथ्या टप्प्यातील टिपणाचा शोधात काही उपयोग होत नाही, हे विसरू नये.

निवड झाल्यावर तो स्निपेट लगेच चालवू नये. तो प्रॉम्प्टवर आणावा, वाचावा, बदल करावा आणि मगच एंटर दाबावे. झेडशेलमध्ये प्रिंट कमांडचा झेड हा पर्याय नेमके हेच करतो. बॅशमध्ये बाइंडच्या साहाय्याने एखाद्या कळेला फंक्शन जोडून 'रीडलाइन-लाइन' या चलात मजकूर भरावा लागतो. हे जड वाटत असेल तर स्निपेट क्लिपबोर्डवर पाठवून नेहमीप्रमाणे पेस्ट करावा. पेस्ट केलेल्या मजकुराअखेर ओळ बदललेली असेल तर जुन्या शेलमध्ये कमांड आपोआप चालून जाते, बॅशच्या ५.१ आवृत्तीपासून मात्र पेस्ट केलेला मजकूर एंटर दाबेपर्यंत थांबवून ठेवण्याची सोय आपसूक चालू असते.

७. बदलणाऱ्या जागा सुरक्षित ठेवाव्यात

स्निपेटमध्ये फाइलीचे नाव किंवा स्तंभाचा क्रमांक दर वेळी बदलतो. अशी जागा दाखवण्यासाठी अनेकजण कोनी कंस वापरतात. शेलमध्ये हे धोक्याचे आहे, कारण डावा कोनी कंस म्हणजे फाइलीतून वाचणे आणि उजवा म्हणजे फाइलीत लिहिणे. जागा न भरता ओळ चालवली तर एखादी चांगली फाइल रिकामी होऊ शकते. त्याऐवजी शेलचीच सोय वापरावी: डॉलर चिन्ह, महिरपी कंसात मूल्याचा क्रमांक किंवा चलाचे नाव, त्यापुढे अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह आणि मराठीत सूचना. मूल्य दिले नसेल तर शेल ती सूचना दाखवते आणि तेथेच थांबते. पुसणाऱ्या, हलवणाऱ्या आणि नाव बदलणाऱ्या प्रत्येक स्निपेटमध्ये ही खबरदारी सक्तीची समजावी.

शेलमध्ये लिहिलेले स्निपेट साठवण्यापूर्वी एकदा शेलचेक या साधनातून काढावेत. अवतरणे विसरल्याच्या चुका ते अचूक पकडते.

८. गुपिते आणि ग्राहकांची माहिती

डेटाबेसचा पासवर्ड, सेवेची किल्ली, सर्व्हरचा पत्ता यांपैकी काहीही स्निपेटमध्ये लिहू नये. या गोष्टी परिसर-चलांत (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल) ठेवाव्यात आणि स्निपेटमध्ये फक्त चलाचे नाव असावे. गिटमध्ये एकदा कमिट झालेली गोष्ट पुढच्या कमिटमध्ये खोडली तरी जुन्या इतिहासात राहते. किल्ली चुकून बाहेर गेलीच तर आधी ती किल्ली रद्द करून नवी घ्यावी. इतिहास साफ करण्याचे काम त्यानंतर. कमिटपूर्वी आपोआप तपासणी हवी असेल तर गिटलीक्ससारखे साधन कमिटच्या आधीच्या हूकला जोडता येते.

नमुन्यादाखल दिलेल्या ओळींकडे तर कोणाचेच लक्ष जात नाही. स्निपेट समजावा म्हणून खऱ्या यादीतील दोन ओळी टिप्पणीत चिकटवल्या जातात, आणि त्यांत एखाद्या शेतकऱ्याचे नाव, मोबाइल क्रमांक, बँक खाते किंवा आधार क्रमांक असतो. नमुन्याच्या ओळी नेहमी बनावट असाव्यात.

९. प्रत दुसरीकडेही ठेवावी

संग्रहाच्या फोल्डरात गिट इनिट आधीच केलेले असेल, आता त्याला दूरची रेपो जोडावी. गिटहबवर खाजगी रेपो २०१९ पासून विनामूल्य खात्यावरही हव्या तितक्या करता येतात, त्यामुळे संग्रह सार्वजनिक ठेवण्याचे काही कारण उरलेले नाही. गिस्टबाबत (गिटहबवर कोडचे छोटे तुकडे ठेवण्याची सोय) मात्र गैरसमज आहे: 'सीक्रेट' गिस्ट शोधात येत नाही, पण ज्याच्याकडे दुवा आहे त्या कोणालाही तो उघडता येतो. त्याला खाजगी समजू नये.

दोन संगणक असतील तर बसल्याबरोबर गिट पुल आणि उठताना गिट पुश. डब्ल्यूएसएल वापरणाऱ्यांनी फोल्डर लिनक्सच्या होममध्येच ठेवावे. विंडोजच्या सी ड्राइव्हवर ठेवल्यास गिट संथ चालते आणि फाइलींच्या परवानग्या व ओळींचे शेवट यांचे घोळ होतात.

१०. तयार साधने केव्हा घ्यावीत

पेट, नावी आणि चीट ही या कामासाठीच केलेली साधने आहेत. पेट सर्व स्निपेट एका टॉमल (साध्या मजकुराचा एक प्रकार) फाइलीत ठेवते आणि बदलत्या जागा चालवताना विचारून घेते. नावी वेगवेगळ्या फाइलींत ठेवते आणि एखाद्या जागेसाठी पर्यायांची यादी दुसऱ्या कमांडमधून आणू शकते. एका ओळीच्या कमांडच अधिक असतील तर पेट सोयीचे आहे. पायथॉनचे वीस ओळींचे तुकडे, एसक्यूएल आणि शेल असे सगळे मिसळलेले असेल तर वर सांगितलेल्या साध्या फाइली बऱ्या. कोणतेही साधन घेतले तरी त्याची साठवण साध्या मजकुरात असावी, म्हणजे ते साधन उद्या बंद पडले तरी संग्रह रिपग्रेपने वाचता येईल.

११. निगा, आणि मालकीचा प्रश्न

स्निपेट वापरताना त्यात दुरुस्ती करावी लागली तर ती त्याच वेळी संग्रहातही करावी. एकाच कामाचे दोन स्निपेट सापडले तर कमकुवत असेल तो पुसावा. गिटमध्ये तो राहतोच, म्हणून पुसताना हात आखडू नये.

'मूळ' ही ओळ प्रामाणिकपणे भरावी. स्टॅक ओव्हरफ्लोवरील उत्तरे क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ज्या परवान्याखाली असतात त्यात लेखकाचे श्रेय देणे आणि बदललेला मजकूर त्याच अटींवर देणे अपेक्षित आहे. ग्राहकाला विकायच्या सॉफ्टवेअरमध्ये असा तुकडा जाणार असेल तर वरिष्ठांना आधी विचारावे, आणि विचारता यावे म्हणून त्याचा दुवा त्या ओळीत असावा.

कार्यालयीन वेळेत, कार्यालयाच्या कामासाठी लिहिलेला कोड सहसा नियुक्तीपत्रातील अटींप्रमाणे कार्यालयाचा असतो. त्यामुळे पहिल्या दिवसापासून दोन संग्रह ठेवावेत: एक आपला, ज्यात तारखा, बॉम, स्तंभ अशी सर्वसाधारण कामे असतील, आणि दुसरा कार्यालयाचा, ज्यात ग्राहकांच्या फाइलींची रचना, सर्व्हरची नावे आणि अंतर्गत सूत्रे असतील. दुसरा संग्रह कार्यालयाच्याच खात्यावरील रेपोत ठेवावा आणि सहकाऱ्यांनाही खुला करावा. शोधाच्या फंक्शनला दोन्ही पत्ते देता येतात, त्यामुळे रोजच्या वापरात फरक जाणवत नाही. नोकरी सोडताना मात्र फंक्शनमधून एक पत्ता काढणे एवढेच काम उरते.